गोदाक्काची गाठ आणि गंजाची परिषद

एका जंगलात, मुलांनो, गोदाक्का नावाची एक अस्वलीण राहत होती. तिच्या मानेला गाठ आली. गाठ वाईट जातीची होती, म्हणजे न विचारता वाढणारी.

"लवकर काढली तर अक्का जगतील," डॉक्टर टोचे म्हणाले. हे सुतारपक्षी. जंगलातले सर्जन. चोच धारदार, बोलणे थोडे.

भूल देण्याचे काम डॉक्टर डोळे यांच्याकडे होते. हे घुबड. भूलतज्ज्ञ असल्यामुळे त्यांच्या हातून भूल झाली, तरी ती उपचारातच धरली जाई.

त्यांच्यापाशी दोन औषधे होती. एक धोतऱ्याचा धूर, दुसरा अळंबीचा काढा.

"पण अक्का," डॉक्टर डोळे म्हणाले, "भूल फक्त तुम्हाला चढत नाही. गाठीलाही चढते."

"मग बरंच की! झोपू दे मेलीला."

"तसं नाही हो. हवेनं लोखंडाला गंज चढतो ना? तसाच गाठीच्या पेशींनाही चढतो. भुलीच्या औषधानं तो कमीजास्त होतो. थोडा चढला की गाठ माजते. फार चढला की मरते."

"मग फार चढवा!"

"फार म्हणजे किती, यावरच परिषद आहे. तोवर थांबा."

"मी थांबते हो. गाठ थांबेल का?"

परिषद वडाखाली भरली. जेवण उत्तम होते. सशांनी गाठीच्या पेशी वाटीत ठेवून त्यांना धुरी दिली होती. त्या गंजून मेल्या. कोल्ह्यांच्या वाटीत त्याच धुराने पेशी टवटवीत झाल्या. काढ्याचेही तसेच, फक्त उलट. शेवटी दोन्ही पक्षांनी, समोरच्यांनी वाट्या नीट घासल्या नव्हत्या, एवढे निर्विवाद सिद्ध केले.

गोदाक्काला पहिल्या रांगेत बसवले होते, नमुना म्हणून.

"अहो, मी वाटी नाही! गाठ माझ्या मानेला आहे. काढा ना कुणीतरी!"

"श्रोत्यांचे प्रश्न शेवटी," अध्यक्ष माकड म्हणाले.

मग डॉक्टर डोळे निबंध वाचायला उठले. प्रस्तावनेत गोदाक्काला जांभई आली. पहिल्या तक्त्याला ती पेंगू लागली. दुसऱ्याला घोरू लागली.

डॉक्टर टोचे शेजारीच बसले होते. त्यांनी तिला चोचीने टोचून पाहिले. हूं नाही की चूं नाही. मग त्यांनी गाठ काढली, टाके घातले, चोच पुसली. निबंध चालूच होता.

टाळ्यांनी गोदाक्का जागी झाली. तिने मान चाचपली.

"अगं बाई! गेली की! भूल कुणी दिली?"

टोच्यांनी व्यासपीठाकडे चोच केली.

डॉक्टर डोळे भडकले. "हे अशास्त्रीय आहे! माझ्या निबंधानं गाठीला गंज किती चढला, कुणी मोजलंय?"

कुणीच मोजला नव्हता. म्हणून त्यावर पुढची परिषद ठरली. गोदाक्का मात्र मध शोधायला निघून गेली.

तात्पर्य : तज्ज्ञ बोलत असताना कधीही जागे राहू नये. फक्त शेजारी कोण बसले आहे, तेवढे आधी पाहून घ्यावे.