रघोत्तमरावांची फिरती खुर्ची

"वैनी, तुमचं शिर डावेकडे कललं अहे."

लग्न होऊन मी कुंभकोणमला आले, त्या आठवड्यात शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी, रघोत्तमरावांनी, माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. कशा आहात नाही, माहेर कुठलं नाही. मी वाईची. आमच्याकडे नव्या नवरीला तोंडावर कुणी वाकडी म्हणत नाही, पाठीमागे म्हणतात. मी निमूटपणे डोकं सरळ केलं. ते दोन पावलं मागे सरले, एक डोळा मिटला, माझ्या कानापासून नाकापर्यंत हवेतल्या हवेत बोटानं रेघ ओढली आणि म्हणाले, "आतां चोक्कोट." चोक्कोट म्हणजे उत्तम. आपल्याकडचं जुनं 'चोखट' तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलं आणि इकडचंच होऊन राहिलं. माझ्या सासरच्या माणसांचंही तेच झालं होतं म्हणा.

रघोत्तमराव माणसाचा चेहरा म्हणून कधी बघतच नसत. त्यांना दिसायची ती हनुवटी, दोन कान आणि मान. रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून ती वर उचलायला त्यांना संकोच वाटत नसे. आमच्या नात्यातल्या एका लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि हे एकदम उठून बोहल्यावर गेले. सगळ्यांना वाटलं, मुहूर्त चुकला की काय. त्यांनी नवरदेवाचं मुंडकं दोन्ही हातांनी धरून सरळ केलं, "हलूं नका" म्हणाले आणि परत जागेवर येऊन बसले. त्या मुलानं पुढे लाजाहोमापर्यंत मान हलवली नाही. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाच्या मानेत दोष आहे.

त्यांचं घर आमच्या घराला लागून, आणि दवाखाना आमच्याच पुढच्या दोन खोल्यांत. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, एवढीच दोन माणसं. स्वतः अविवाहित, उंच, काळेसावळे, आणि चेहरा असा की आपण बोलायला गेलो तर सुतकाला आलो की काय असं वाटावं. हसताना मी त्यांना पाहिलं नाही. दवाखान्यात आलेल्या माणसाला आधी तीन प्रश्न: "पान? सुपारी? तंबाखू?" ह्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय ते तोंड उघडा म्हणत नसत. कुंभकोणमची विड्याची पानं नावाजलेली, त्यामुळे गावातल्या निम्म्या तोंडांना उत्तर देण्याचीही गरज नव्हती. तरी ते विचारत. देवळाच्या धर्मकर्त्यांना, म्हणजे विश्वस्तांनाही विचारलं, मठातून आलेल्या आचार्यांनाही विचारलं. सुपारीनं गाल आतून चामड्यासारखे ताठ होतात, असं त्यांचं म्हणणं, आणि तसे गाल त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

त्यांच्याकडे एक एक्स-रेचं यंत्र होतं. मद्रासेच्या कुठल्याशा इस्पितळानं काढून टाकलेलं, बैलगाडीतून घरापर्यंत आलेलं. तोंडात टपाल तिकिटाएवढी फिल्म धरायची, बाहेरून यंत्र रोखायचं, की दोन-तीन दातांचा फोटो निघे. एवढ्यावर कुठलाही शहाणा माणूस समाधानी राहिला असता. पण एका परदेशी मासिकात त्यांनी वाचलं, की युरोपात कुणी म्हणे यंत्र जागच्या जागी ठेवून माणसालाच फिरवतो, आणि ह्या कानापासून त्या कानापर्यंतचा सगळा जबडा एका लांब फिल्मवर उमटवतो. तोंडात काही घालावं लागत नाही. त्या दिवसापासून आमचा शेजारी कामातून गेला.

त्यांनी न्हाव्याची फिरती खुर्ची आणली. तिच्या बुडाला सायकलची साखळी जोडली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला वाकवलेला पत्र्याचा डबा, त्यात फिल्म. मध्ये शिशाचा पत्रा, त्याला एक उभी फट. खुर्ची फिरली की तिच्याबरोबर डबाही फिरे, आणि फटीतून एकेक दात फिल्मवर उतरे. ऐकायला सोपं आहे. पण सगळे दात हवेतल्या एका ठरावीक कमानीवर यायला हवेत. बोटभर जरी माणूस हलला तरी सगळं फुकट. पुढे सरकला तर समोरचे दात भाताच्या शितासारखे बारीक यायचे. मागे सरकला तर फावड्याएवढे. पाठीत वाकला तर मधोमध त्याच्या मानेचा कणा पांढऱ्या भुतासारखा उभा, आणि समोरचे दात त्यात गडप. साखळीनं आचका दिला तर उभे पट्टे. हे सगळं जमलं, तर नेमकी त्याच वेळी साक्कोट्टैच्या वाटेवरची भाताची गिरणी सुरू व्हायची, वीज मंदावायची, आणि जबडा अर्ध्यातच धुक्यात जायचा. आमच्या स्वयंपाकघरातला दिवा डोळे मिचकावू लागला की मी समजायची, रघोत्तमरावांनी कुणाला तरी फिरवलं.

कमान जुळवण्यासाठी त्यांनी एका नारळात कमानीसारखी खिळ्यांची रांग ठोकली आणि तो खुर्चीवर बसवून फोटो काढला. एकूण एक खिळा स्वच्छ. तो फोटो मला दाखवायला ते मागच्या दारी आले.

"म्हणजे झालं की तुमचं यंत्र!" मी म्हटलं.

"नारळास मान नाहीं, वैनी," ते खिन्नपणे म्हणाले. "मनुष्यास मान अहे. तेंच संकट."

ते संकट चोळपुरमच्या एका शेतकऱ्यानं सिद्ध करून दाखवलं. बिचारा एक दाढ उपटून घ्यायला आला होता, त्याला खुर्चीत बसवलं. खुर्ची फिरू लागली तसा तो मान उलटी वळवू लागला. हलूं नका, हलूं नका, रघोत्तमराव ओरडताहेत, आणि तो हात जोडून त्यांच्याचकडे बघतोय. मोठ्या माणसाकडे पाठ करायची नाही, ही त्याच्या घरची शिकवण. फोटोत त्याला दोन जबडे आले आणि नाक आलंच नाही. "अय्या, पोदुम्," पुरे झालं हो, असं म्हणत तो उठला आणि दाढ तशीच घेऊन गावी गेला.

मग ते स्वतःच खुर्चीत बसू लागले, आणि कळ दाबायला कंपाउंडर. आमच्या गच्चीवर माझ्या कुरडया-पापडांच्या शेजारी दोरीवर त्यांचेच जबडे वाळत असायचे. त्या किरणांचं भय तेव्हा आम्हाला कुणालाच नीटसं ठाऊक नव्हतं. त्यांच्या बोटांची कातडी कोरडी पडून तडकली होती, ती मला दिसत होती, पण मी समजले, औषधाच्या पाण्यानं झालं असेल. गावात बोलवा, की डॉक्टरला विलायतेतून पदक हवंय. आमचे हे कॉलेजात गणित शिकवायचे. ते म्हणाले, "एकटा माणूस आहे. काहीतरी फिरवत बसणारच."

पण ते पदकासाठी नव्हतं. ते होतं अक्कासाठी.

अक्का म्हणजे त्यांची ती बहीण. परकर नेसायच्या वयात विधवा होऊन माहेरी परत आली, आणि पाठोपाठ आई रघोत्तमरावांना जन्म देऊन गेली. सोवळ्यात डोईवरून घेतलेलं लाल लुगडं, पहाटे कावेरीवर स्नान, दिवसातून एकदा जेवण, आणि एकादशीला गोविंदपुरमला भजन. तिथल्या विठोबापुढे तमिळ माणसं मराठी अभंग म्हणतात आणि अक्का त्यांचे उच्चार सुधारते, असं मला सासूबाईंनी सांगितलं होतं. मी गेले तेव्हा ती नुसत्या टाळ्या वाजवत होती. घरी येताना बैलगाडीत मी विचारलं, तर दातांच्या फटीतून म्हणाली, "तोंड उघडत नाहीं गे."

तिचं तोंड मिटत चाललं होतं. आधी पोळी सुटली, मग भात सुटला, आता पेज आणि ताक. पण डॉक्टर भावाला ती आत बघू देईना. त्याचा आरसा, त्याचा चिमटा, ती इवली फिल्म, सगळं गावाच्या तोंडात जाऊन आलेलं. उष्टं. कितीही उकळलं तरी उष्टं ते उष्टंच. त्याचा हातदेखील तिला तोंडात नको होता. तेव्हा रघोत्तमरावांनी मनाशी पक्कं केलं, की अक्कलदाढ आडवी अडकली आहे. ती एकदा बाहेरून दिसू दे, मग अक्काला कसंही समजावीन, मद्रासेला नेईन, काढवीन. ती पुन्हा जेवेल, पुन्हा म्हणेल. हे त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. मला त्या माणसाची दया आली, आणि त्या दिवसापासून त्याच्या यंत्राला मी नावं ठेवली नाहीत.

अक्का खुर्चीवरदेखील बसायला तयार नव्हती. त्यावर हजार लोक बसले होते. मग वाटाघाटी झाल्या, त्यात मी मध्यस्थ. खुर्ची अंगणात काढून कावेरीच्या पाण्यानं धुवायची. वर सोवळ्याचं रेशमी वस्त्र. हनुवटीच्या टेकूलाही रेशीम. रघोत्तमरावांनी ओलेत्यानं यंत्र चालवायचं. आणि त्या दिवशी आधी कुणालाही फिरवायचं नाही. गिरणीच्या मालकाकडे मी स्वतः जाऊन आले, सकाळी जरा दम धरा म्हणून. ओलेत्यानं विजेच्या यंत्राजवळ उभं राहणं म्हणजे काय, हे आज आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा काळजी एवढीच होती, की समोरचे दात येतील का.

अक्का बसली. रघोत्तमराव तिच्यासमोर उभे राहिले. साऱ्या गावाच्या हनुवट्या बिनदिक्कत उचलणारा तो माणूस, त्याचा हात पुढे होईना. शेवटी तीच म्हणाली, "धर रे." त्यांनी दोन बोटांनी हनुवटी धरली, कानापासून नाकापर्यंत रेघ बघितली. खुर्ची फिरली. अक्का देवळातल्या दगडासारखी बसून राहिली.

फोटो निघाला. तसा फोटो त्यांना आधी कधी निघाला नव्हता आणि नंतर त्यांनी काढला नाही. ह्या कानापासून त्या कानापर्यंत एकेक दात, एकेक मूळ, मधे भूत नाही, पट्टा नाही. ओली फिल्म खिडकीशी धरून ते किती तरी वेळ बघत राहिले. मी 'चोक्कोट'ची वाट बघत होते. पण त्यांचा चेहरा उतरत गेला. अक्कलदाढा दोन्ही बाजूंना सरळ उभ्या होत्या. हाड भक्कम. कुठे गळू नाही, कुठे काही नाही.

"अक्का," ते म्हणाले, "कांहींच नाहीं गे. सगळं बेस अहे. मग तोंड कां मिटतें?"

अक्का रेशमी वस्त्राची घडी घालत होती. ती घडी पुरी झाल्यावर म्हणाली, "फोटोंत कसं दिसेल, रघू? सुपारी काय हाडांत बसती?"

मला आधी काही कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. आमच्या आळीत कुणाकडे हळदीकुंकू असो, मुंज असो, सुपारी कातरायची ती अक्कानं. विधवेनं विडा खायचा नाही, पण कातरायला कुणाची हरकत नव्हती. तिच्यासारखी बारीक कुणाला जमतही नसे. अडकित्त्याखाली चुरा पडायचा. तो चुरा ती तरुणपणापासून गालात धरत आली होती. सगळ्या सवाष्णी विडा रंगवून ओसरीवर बसायच्या, तेव्हा ती आत, अंधारात, एवढंच.

रघोत्तमराव भिंतीला टेकले. "मग सांगटलीस कां नाहीं?"

"साऱ्या कुंभकोणास विचारटलास," अक्का म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मज विचारटलास काय?"

त्यांनी विचारलं नव्हतं. आचार्यांनाही विचारणाऱ्या त्या माणसाच्या डोक्यात आलंच नव्हतं, की सोवळ्यातल्या आपल्या बहिणीला हे विचारायचं असतं. आमच्यातल्या कुणाच्याही आलं नसतं.

मद्रासेच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ताठ झालेला गाल पुन्हा मऊ होत नाही. आता हे वाढतच जाणार. रघोत्तमरावांनी साखळी सोडवून ठेवली. खुर्ची न्हाव्याला परत दिली, आणि गावातले लोक म्हणाले, चला, डॉक्टर ताळ्यावर आले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ताक घेऊन मी त्यांच्या मागच्या दारी गेले. दवाखान्यात माणसं गाल धरून खोळंबली होती, आणि डॉक्टर सोवळ्यात, ओल्या पंच्यावर, स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले होते. समोर पाटावर अक्का. त्यांच्या हातात चांदीचं बोंडलं होतं, तान्ह्या मुलाला दूध पाजतात ते, जागोजागी चेपलेलं. अक्कानंतर त्या घरात तान्हं मूल एकच झालं होतं, आणि त्याला त्यातून पाजणारी समोर बसली होती. बोंडल्याची चोच त्यांनी तिच्या दातांच्या फटीला लावली. त्यांची ती तडकलेली बोटं अजिबात हलत नव्हती.

मला दोघांनीही पाहिलं नाही. मी उंबऱ्याशीच थबकले आणि मला रडू फुटलं, कारण प्रत्येक घोटाआधी ते थांबून तिला विचारत होते. "ऊन लागतें काय, अक्का? मीठ हवें काय? आतां पुरे काय?" अक्काला बोलायला फार कष्ट पडत. ती डोळ्यांनी हो-नाही सांगे. ते सांगेपर्यंत त्यांचा हात वाट बघत तसाच थांबे, आणि मग ते पुढचं विचारत.