बोईसरचा वास

समिधाने बढतीची बातमी दिली तेव्हा कुशल पोळीला तूप लावत होता. "शाखा व्यवस्थापक!" असं ओरडत त्याने चमच्यासकट हात वर केला आणि मग विचारलं, "कुठली शाखा?"

"बोईसर."

हात वरच राहिला. तूप मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आलं तरी त्याला पत्ता नव्हता.

"बोईसर म्हणजे ते... तारापूरवालं?"

"तेच. दहा दिवसांत कळवायचंय."

अकरा वर्षं समिधा बँकेच्या नाशिकच्या कार्यालयात मागच्या टेबलावर बसून इतरांच्या चुका दुरुस्त करत होती. तिच्या मागून आलेले तिघे साहेब होऊन गेले होते. कुशलचं काम घरबसल्या पाठ्यपुस्तकांची पानं लावण्याचं. संगणक आणि खुर्ची असली की त्याला कुठलंही गाव चालण्यासारखं होतं. अडचण एकच होती. कुशलला चौकशी करायची सवय होती.

दोन दिवसांत त्याने अकरा जणांकडे चौकशी केली. त्यातल्या एकानेही बोईसर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची मतं ठाम होती. शेजारचे पाठक म्हणाले, तिथे चौकात उभं राहिलं की कुठल्या कारखान्यात काय शिजतंय ते डोळे मिटून सांगता येतं. इस्त्रीवाल्याच्या मते तिथे केस गळतात. समिधाच्या आतेभावाने तर आवाज खाली आणून सांगितलं, "अणुवीज केंद्र आहे ना जवळ. तिथले मासे अंधारात चमकतात."

"म्हणजे दिवा न लावता जेवता येईल," समिधा म्हणाली. मग ती गंभीर झाली. "हे बघ, तू स्वतः जाऊन ये. बघून नाही म्हणालास तर मी बढती सोडेन, पुन्हा शब्द काढणार नाही. पण न बघता नाही म्हणायचं नाही."

कुशल कबूल झाला. शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन निघाला, पण निघतानाच त्याने वहीत 'बोईसर : दोष' असं शीर्षक लिहून ठेवलं होतं आणि खाली एक ते वीस आकडे घातले होते.

नोव्हेंबरची थंडी होती, काचा बंद होत्या. जव्हारच्या घाटात गाडीने चांगले दणके खाल्ले. विक्रमगड गेलं, मनोर गेलं, ऊन चढलं. चिल्हार फाट्यावरून गाडी बोईसरच्या रस्त्याला लागली आणि कुशलच्या नाकाला पहिला झोंबरा वास आला. त्याने घाईने काचा आणखी घट्ट लावल्या. वास वाढला. "बंद काचांतूनसुद्धा आत येतो!" असं म्हणत त्याने गाडी कडेला घेतली आणि वहीत पहिला दोष नोंदवला. औद्योगिक वसाहतीच्या नाक्यापर्यंत येईतो त्याचे डोळे चुरचुरू लागले होते. रस्त्यावरची माणसं मात्र चहा पीत होती, हसत होती. कुशलला त्यांची फार दया आली. बिचाऱ्यांची नाकं मेलीत, असं त्याने दोन नंबरला लिहिलं.

बघायला ठरवलेलं भाड्याचं घर बोईसरला लागूनच, सरावलीत होतं. मालकीण वत्सला तांडेल, समुद्रकाठच्या घिवली गावच्या कोळीण. मुलगा नोकरीला बाहेरगावी असल्यामुळे त्याचा फ्लॅट त्या भाड्याने देणार होत्या. साठीच्या, काटक, अंबाड्यात अबोलीचा गजरा. पहिल्या मजल्यावरचं दार उघडून त्या म्हणाल्या, "बगा दादा. तीन बाजूंनी वारा येतो."

घर खरोखर सुरेख होतं. लख्ख फरशी, मोठ्या खिडक्या, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. पण कुशल आत शिरला आणि त्याचं नाक आक्रसलं.

"मावशी, इथेही वास येतोय."

वत्सलाबाईंनी हुंगलं. त्यांचा चेहरा पडला. "येतो खरा. काल मी सोता घर धुतलाय, काल नव्हता." भाडेकरूसमोर अब्रू गेल्यासारख्या त्या गॅलरीत गेल्या आणि त्यांनी खाली हाक मारली, "खंडेरावऽ! चेंबर बग रे जरा!"

खंडेराव म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी चेंबरचं झाकण उचललं, डोकं आत घातलं आणि वर तोंड करून सांगितलं, "चेंबर साफ हाय." मग खात्री करायला ते वर आले, कुशलच्या शेजारी उभे राहिले आणि दचकले. "पन वास हाय! गॅस सुटला काय कुनाचा?"

'गॅस' हा शब्द जिन्यातून चार मजले चढला. शेगड्या बंद झाल्या, दारं उघडली, आणि दुसऱ्या मजल्यावरून कमलाकांत चुरी उतरले. जवळच्याच किनाऱ्यावरच्या माहीमच्या बागायतदारांचं घराणं, पण हे स्वतः बावीस वर्षं एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता, अर्धा गाल गुळगुळीत. त्यांनी डोळे मिटून तीनदा श्वास घेतला.

"अमोनिया नाय. सॉल्व्हंट नाय. गॅस सिलिंडरचा तर नायच." डोळे उघडून ते जरा अपमान झाल्यासारखे म्हणाले, "इथल्या सगळ्या वासांना मी नावानिशी ओळखतो. हा आपल्याकडचा नाय."

"मग?" खंडेरावांनी विचारलं.

"अनोळखी वास म्हंजे बिल्डिंग खाली. चला."

आणि मग कुशलने जे पाहिलं ते त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. कुणी किंचाळलं नाही, कुणी दागिन्यांचा डबा शोधला नाही. प्रत्येकाने आपल्या घराचा मेन स्विच पाडला आणि शेजारच्या दारावर थाप मारली. तळमजल्यावर राहणारे कारखान्यातले चार कामगार न सांगता वर पळाले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट उचलून घेऊन आले. "अम्मा, कसके पकड़िए," एक म्हणत होता. आजी पालखीत बसल्यासारख्या चौफेर बघत होत्या. कमलाकांतांनी एका बाईची ओढणी मागून हवेत धरली आणि वारा पश्चिमेचा आहे हे पाहिलं. आठ मिनिटांत बासष्ट माणसं खाली होती आणि खंडेराव घरनिहाय हजेरी घेत होते.

कुशल थक्क झाला. नाशिकला त्याच्या सोसायटीत आगीची तालीम ठेवली होती तेव्हा दोघेजण खाली आले होते, त्यातला एक भोंग्याची तक्रार करायला. त्याने वही काढली. 'दोष'च्या पानावर हे लिहिता येईना, म्हणून त्याने पान उलटलं.

"सगळ्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला!" कमलाकांत ओरडले. "फाटकाकडे, बदामाच्या झाडाखाली!"

बासष्ट माणसं बदामाच्या झाडाखाली गेली आणि बासष्ट पदर आणि रुमाल नाकांना लागले. तिथे वास दुप्पट होता. कमलाकांत चक्रावले.

"वरून वारा येतो आनी वास पन वरूनच? तिकडे तर शेत हाय. सगळे मागं! इमारतीच्या पलीकडे!"

माणसं निमूट पलीकडे गेली. तिथे वास जवळपास नव्हताच. आता कमलाकांत एकटेच परत फिरले. मान पुढे, नाक त्याच्याही पुढे. ते इमारतीला वळसा घालून आले, बदामाच्या झाडापर्यंत गेले, थांबले, आणि तिथून सरळ कुशलकडे आले. त्यांनी कुशलच्या खांद्यापाशी नाक नेऊन शर्ट हुंगला. साबणाचा थोडा फेस शर्टाला लागला.

"साहेब, तुमी कुठून आलात?"

"नाशिकहून."

"गाडी कुठली तुमची?"

कुशलने बदामाच्या झाडाखाली बोट दाखवलं. 

"चावी द्या."

डिकी उघडली आणि पुढे झालेले सगळे चार पावलं मागे सरकले. वरची सतरंजी काढली, खालचा जाड कागद काढला. स्टेपनीच्या बाजूच्या खोलगटात एक पोतडी बसली होती आणि तिच्यातून काळा, दाट रस ओघळत होता. पोतडीच्या शिवणीतून हिरवे कोंब वर आले होते.

"कांदा," कमलाकांत म्हणाले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरचा आवाज असतो तसा.

कुशलला सगळं आठवलं. भाऊबीजेला निफाडच्या सासऱ्यांनी दहा किलो कांदे दिले होते, समिधाच्या आत्याकडे पोचवायला. 'उद्या देऊ' म्हणून त्यानेच ते तिथे कोंबले होते. नंतर गाडी फारशी निघालीच नाही. आज घाटातल्या दणक्यांनी कांदे चेचले गेले आणि इथल्या उन्हाने त्यांना उकळी आली.

"माझ्याच... सासऱ्यांनी..." तो पुटपुटला. बासष्ट माणसांची शिजती जेवणं त्याने विझवली होती. आता कोण काय बोलेल याची वाट बघत तो मान खाली घालून उभा राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

तेवढ्यात खुर्चीतून आजींचा आवाज आला. "नाशिकचा कांदा काय? बाजारात महाग म्हनून आमी घेत नाय, नि हा बग, गाडीत कुजवून घेऊन आला!"

आधी वत्सलाबाई हसल्या, मग खंडेराव, मग सगळी सरावली हसत सुटली. फक्त कमलाकांत हसले नाहीत. ते उरलेली दाढी करायला जाता जाता म्हणाले, "तालीम चांगली झाली. मागल्या खेपेला साडेनऊ मिनिटं लागली होती."

गाडी धुण्याचं काम वत्सलाबाईंनी हाती घेतलं. कुशल बादली आणायला धावला तर त्यांनी त्याला बाजूला केलं. "दादा, चाळीस वर्सं मी मासळीच्या टोपल्या धुते. वास कसा काढायचा ते मला नको सांगू." चिंचेचा कोळ आणि खडेमीठ लावून त्यांनी डिकी अशी घासली की पत्रा चकाकला. कामगारांनी पोतडी लांब नेऊन पुरली. कुणीतरी कुशलला स्वच्छ शर्ट दिला. तो त्याला दोन मापं मोठा होता.

"आता डिकी उघडी ठेवून वाऱ्याला सुकव," वत्सलाबाई म्हणाल्या. "चल घिवलीला. आमचा वारा फुकट हाय. नि जेवून घे."

घिवलीला त्यांच्या अंगणात बांबूवर बोंबील वाळत होते. समोर समुद्र, आणि दूर किनाऱ्यावर अणुवीज केंद्र स्वच्छ दिसत होतं. वत्सलाबाईंचे यजमान एकनाथ जाळं शिवत बसले होते. सकाळची हकिकत ऐकून ते इतके हसले की सुई हातातून पडली. ताटात भाकरी आली, सुरमईचं कालवण आलं. कुशलने माशाकडे एकदा टक लावून पाहिलं.

"काय बघतोस?" एकनाथांनी विचारलं.

"काही नाही. लोक म्हणतात, इथले मासे चमकतात."

"ताजा असला तर चमकनारच. तुमच्याकडे येईस्तोवर मरगळतो."

कुशल जेवला. दुसऱ्यांदा कालवण मागून जेवला. मग धीर करून म्हणाला, "मावशी, खरं सांगा. एरवी इथे वास येतच नाही?"

वत्सलाबाईंनी पंख्याने वारा घालणं थांबवलं. "येतो. खोटं कशाला बोलू? रोज नाय, पन एखाद्या संध्याकाळी येतो. कदी कारखान्यात आग लागते, तवा काळीज हलतं. आमी गप नाय बसत. अर्ज करतो, मोर्चा नेतो, साहेबाच्या टेबलावर बाटलीतून नाल्याचं पानी नेऊन ठेवतो. पन गाव सोडून कुठं जायाचं? आनी हितं काय सगळंच वाईट हाय? सकाळी बगितलास ना?"

कुशलने पाहिलं होतं. घर दाखवायला आलेली बाई गावाचे दोष मोकळेपणाने सांगते, हेही तो आत्ता पाहत होता. नाशिकच्या अकरा जणांत इतकं खरं बोलणारं एकही निघालं नव्हतं. त्याने तिथूनच समिधाला फोन लावला. "कळवून टाक बँकेला. आपण येतोय."

"वास?" समिधाने विचारलं.

"तो आपलाच होता. आल्यावर सांगतो." फोन ठेवून तो उत्साहाने वत्सलाबाईंकडे वळला. "मावशी, घर पसंत आहे."

वत्सलाबाईंनी एकनाथांकडे पाहिलं. एकनाथांनी जाळ्याकडे पाहिलं.

"तुला पसंत हाय, ते बरा झाला," वत्सलाबाई सावकाश म्हणाल्या. "पन आमाला नको बगायला? भाऊबीजेपासनं गाडीत कांदे कुजवनारा मानूस माज्या पोराच्या घरात काय काय कुजवंल, कुनाला ठावं? नाशिकच्या लोकांचं आमी पन बरंच काय ऐकून हाय. पुढल्या रविवारी येऊन घर बगतो तुमचं. मग ठरवू."

पुढचा आठवडा नाशिकच्या त्या घरात दिवाळीपेक्षा मोठी साफसफाई झाली. बँकेला होकार गेला होता, आणि राहायला घर मिळेल की नाही ते दोन कोळ्यांच्या हातात होतं. कुशलने फ्रिज ओढून मागची भिंत पुसली. समिधाने धान्याचा डबा न् डबा उपसला. पाठकांनी विचारलं, "कोण येतंय?" तेव्हा कुशल म्हणाला, "बोईसरहून पाहणी आहे."

रविवारी अकराला वत्सलाबाई आणि एकनाथ आले. वत्सलाबाईंनी चहा नंतर घेईन म्हणून सांगितलं आणि आधी स्वयंपाकघर पाहिलं. मोरी पाहिली. माळ्यावर मान उंचावून पाहिलं. कुशल मागे मागे फिरत होता, शाळेत मोठे साहेब आल्यावर गुरुजी फिरतात तसा. एकनाथ खुर्चीत बसून समिधाला तिच्या कामाबद्दल विचारत होते. मागच्या टेबलावरची अकरा वर्षं तिने दोन वाक्यांत सांगितली, तेवढ्यात वत्सलाबाई येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

 मग वत्सलाबाईंनी कनवटीची किल्ली सोडली आणि कुशलने पुढे केलेला हात ओलांडून समिधाच्या तळहातावर ठेवली.

"घर तुला दिला, पोरी. तुजा मानूस बी वाईट नाय," त्या म्हणाल्या. "येताना त्याला घेऊन आलीस तरी चालंल."