पिवळ्या दिव्याचा निष्कर्ष

वर्तकनगरातलं आपलं खाद्यपदार्थांचं दुकान नक्की कशामुळे चालतं, हे वासंतीबाई खांबेटे यांना सांगता येईना.

"चांगलं असतं म्हणून चालतं," त्या म्हणाल्या.

"समोरच्यांच्या चकल्याही चांगल्या होत्या. बंद पडलं त्यांचं." त्यांचे यजमान त्र्यंबकराव बँकेतून निवृत्त झालेले होते आणि कर्ज नाकारायची सवय सुटलेली नव्हती. "कोलशेतच्या नव्या दुकानात माझा फंड जायचाय. कारण कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

कोलशेतचा गाळा भाऊ पाटलांचा. वासंतीबाईंनी तो पाहिल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. पण एक मोबाइलवालाही त्यावर डोळा ठेवून होता, आणि भाऊ महिनाअखेरपर्यंतच थांबायला तयार होते.

तेव्हा डोंबिवलीहून भाचा आला. सौमित्र मोठमोठ्या कंपन्यांना त्यांचा माल का खपतो ते सांगायचं काम करत असे.

"मावशी, सिंपल आहे. मी कोपऱ्यात बसतो. दर आठवड्याला एकच गोष्ट बदलायची आणि सेल मोजायचा. जे बदलल्यावर सेल वाढेल, ते कारण."

पहिल्या आठवड्यात त्याने पांढरी ट्यूब काढून पिवळा दिवा लावला आणि रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लॅपटॉप उघडून स्टुलावर बसू लागला. विक्री वाढली. दुसऱ्या आठवड्यात बरण्यांवर नव्या चिठ्ठ्या लागल्या. विक्री आणखी वाढली. वाढ मुख्यतः संध्याकाळची होती, म्हणजे दिव्याच्या वेळेची. सौमित्रला शंका उरली नाही.

साखळकरकाकू पूर्वी पंधरवड्यातून एकदा भाजणी नेत. आता रोज येऊ लागल्या.

"हा कोण हो, वासंतीताई?"

"भाचा माझा. सौमित्र."

"इथेच असतो?"

"छे, नोकरी आहे चांगली. डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट घेतलाय. एकटाच राहतो."

वासंतीबाईंनी विचारलं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू भाजणी न्यायला मुलीलाही घेऊन आल्या. "ही आमची संचिता. भाजणीचं थालीपीठ फार सुरेख करते." संचिता फोनमध्ये बघत होती. "आई, मी कधी केलं थालीपीठ?" असं ती म्हणाली, पण तोवर काकूंनी दोन किलोची ऑर्डर दिली होती.

सौमित्रने ग्राहकांच्या मुलाखतीही घेतल्या. मात्र ग्राहकच जास्त विचारत.

"गाव कुठलं तुमचं?" साखळकरकाकूंनी विचारलं.

"गुहागर. काकू, इथे पुन्हा यावंसं का वाटतं?"

"वाटतं बाई. तिखट चालतं ना तुम्हाला? आणि आईवडील?"

"ते गावाला असतात."

"कायमचे?" काकूंचा चेहरा उजळला. "मग अर्धा किलो शेवही द्या."

"ग्राहकाला विक्रेत्याशी व्यक्तिगत नातं हवं असतं," सौमित्रने नोंद केली. तिसऱ्या आठवड्यात लोकमान्यनगरातूनही आया येऊ लागल्या. प्रत्येकीबरोबर एक वैतागलेली मुलगी असे आणि प्रत्येक जण जास्तीचं सामान नेई. कोणी काही विकत न घेता नुसतं बघून गेलं, तर ते बरं दिसलं नसतं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी निकाल लागला. दुकान भरलेलं होतं. गल्ल्यापाशी त्र्यंबकराव पेन घेऊन बसले होते, शेजारी भाऊ पाटील उभे होते.

"काका, हा आलेख बघा. दिवा लावला, इथून वर गेला. पिवळ्या उजेडात पदार्थ खमंग दिसतात. कोलशेतला हाच दिवा लावायचा."

त्र्यंबकरावांनी आलेख उलटसुलट पाहिला. दोष सापडेना. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात एक मुलगी हेल्मेट काढत आत आली. "सौमित्र, अरे किती वेळ? कल्याणचा हॉलवाला सातनंतर थांबणार नाहीये. लग्नाची तारीख गेली ना, तर तू सांग माझ्या बाबांना!"

सगळ्या आया दाराकडे वळल्या.

"कोण गं तू?" वासंतीबाईंनी विचारलं.

"मावशी, ही श्रिया," सौमित्र म्हणाला. "सांगणारच होतो. म्हटलं, आधी प्रोजेक्ट संपू दे."

साखळकरकाकूंनी भाजणीची पिशवी काउंटरवर परत ठेवली. "राहू दे हो. घरी डबा भरलेलाच आहे." तो बहुतेक सगळ्यांच्याच घरी भरलेला निघाला. काही क्षणांत दुकानात घरचीच माणसं आणि भाऊ उरले.

"सौमित्र," त्र्यंबकराव शांतपणे म्हणाले, "दिवा अजून चालू आहे."

सौमित्रने आलेखाकडे पाहिलं, मग दाराकडे. श्रियाने त्याच्याकडे पाहिलं. ते पाहणं दोघं कल्याणला पोहोचेपर्यंत संपणार नव्हतं.

त्र्यंबकरावांनी टोपण लावलं. भाऊ खाकरले. "ताई, मना हो का नाय तं सांगा. तो मोबाइलवाला फोन करून ऱ्हायलाय."

वासंतीबाई परत आलेल्या पिशव्या फळीवर लावत होत्या. शेवटची लावून त्या वळल्या.

"अहो, पेन उघडा. कारण हवं होतं ना तुम्हाला? कळलं की आता." मग भाऊंकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरात लग्नाचा कोणी आहे?"

"माजा पोऱ्या हाय ना. अद्वय. इंजिनीअर हाय. का?"

"गाळा घेते. पण करारात एक अट घालायची. रोज संध्याकाळी तो दुकानात बसेल. काम काही नाही, नुसतं बसायचं."

भाऊ विचारात पडले. "आनि त्याचं लगीन जमलं तं?"

त्र्यंबकरावांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि चष्मा नीट बसवला. कराराच्या बाबतीत ते कधीच गाफील राहत नसत.

"धाकटा आहे का?" त्यांनी विचारलं.