ब्यॉन काकांची वाढीव विश्रांती

सुधारणा झाली की नाही, हे ज्याची सुधारणा झाली त्याला विचारू नये, हा मूल्यमापनशास्त्राचा पहिला नियम आहे. त्याला काही कळत नसतं. तो आत अडकलेला असतो.

हे मी अधिकारवाणीने सांगतो. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या सामाजिक व आर्थिक सुधारणांचं मूल्यमापन करणाऱ्या सेजोंग शहरातल्या केंद्रात मी विभागप्रमुख आहे. आमच्या प्रश्नावलीत पाच पर्याय असतात: अत्यंत समाधानी, बरेच समाधानी, समाधानी, समाधानाच्या वाटेवर आणि प्रश्न समजला नाही. (कोरी आलेली प्रश्नावली 'समाधानी'त धरावी, हे कलम माझं. त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्रक बायकोने चपलांच्या कपाटावर लावलं आहे.)

तर राष्ट्राध्यक्षांनी किमान वेतनाचा तासाचा दर वाढवला. आमच्या इमारतीचे रखवालदार ब्यॉन काका, वय एकाहत्तर, चोवीस तासांची पाळी करतात. त्यांचा पगार वाढणार म्हणून आम्हा रहिवाशांना मनापासून आनंद झाला, आणि तो वाढू नये म्हणून आम्ही त्यांची विश्रांती वाढवली. विश्रांतीच्या तासांना पगार नसतो. पाचाचे सात तास झाले. चौकीच्या काचेवर पाटी आली: 'विश्रांती चालू आहे.'

ही विश्रांती मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्यात काका पार्सलं देतात, आडव्या लावलेल्या मोटारी ढकलतात आणि गुरुवारी आम्ही टाकलेल्या बाटल्या नि खोकी वेगळी करत बसतात. लोक काचेवर टकटक करतात. "काका, तुमची विश्रांती चालू द्या हं, आईने पाठवलेली किमचीची बरणी तेवढी वर आणून द्या."

मागच्या महिन्यात राष्ट्राध्यक्षांनी दर पुन्हा वाढवला. रहिवासी संघाच्या अध्यक्ष म्यॉंगबाईंनी लगेच लिफ्टमध्ये कागद लावला: विश्रांती सातावरून अकरा तास करावी. प्रत्येकाने आपल्या नावापुढे लिहावं, होय किंवा नाही.

त्या संध्याकाळी काकांनी मला चौकीपाशी गाठलं. टोपी काढून हातात घेतलेली.

"साहेब, रागावू नका, पण एवढी विश्रांती मला झेपत नाही हो."

"अहो काका, लोक विश्रांतीसाठी मोर्चे काढतात!"

"काढू देत. अकरा तास दिलेत, तर सुधारणेच्या आधी मिळत होतं त्याहून कमी हातात येईल. म्हातारीची औषधं त्यातनंच येतात. नाहीच भागलं तर काम सोडावं लागेल मला. तुमचं एक 'नाही' पडलं तर बरं होईल."

"बघतो," मी म्हणालो. (हा आमच्या खात्यातला सहावा पर्याय.)

मला खरंच वाईट वाटलं. लिफ्टमध्ये मी पेनही काढलं. पण देशाच्या अध्यक्षांचं मूल्यमापन करणाऱ्याने इमारतीच्या अध्यक्षांशी वाकडं घ्यावं का? त्यातून बाईंच्या यजमानांनी माझ्या मुलीला चांगल्या शिकवणीत जागा मिळवून दिलेली. मी तटस्थ राहिलो. माझ्या नावापुढचा रकाना कोरा ठेवला.

होय बेचाळीस, नाही एक्केचाळीस.

"तुमचं एक मत कामी आलं बघा," म्यॉंगबाई म्हणाल्या. "नाहीतर बरोबरी होऊन ठराव पडलाच होता."

"माझं? मी तर काहीच लिहिलं नव्हतं!"

"तेच तर! कोरा रकाना म्हणजे होकार. तुम्हीच नाही का कॉफी पिताना सांगितलंत? किती सोयीचं कलम आहे हो!"

पहिल्या तारखेला ब्यॉन काका काम सोडून गेले. निघताना त्यांच्याकडून आमच्या केंद्राची प्रश्नावली भरून घ्यायला मी विसरलो नाही. त्यांनी ती बराच वेळ वाचली आणि कोरीच परत दिली. म्हणजे समाधानी.

अहवालात मी लिहिलं आहे: ज्येष्ठ कामगारांच्या विश्रांतीत सत्तावन्न टक्के वाढ. (एका प्रकरणी चोवीस तास.)

आपणही इथवर वाचलंत आणि मध्ये कुठे हरकत घेतली नाहीत. तशी नोंद केली आहे.