नागरिक, पण नापास

सासूबाईंचा रुमालावर विश्वास नव्हता. परीक्षेच्या हॉलमध्ये खिडकीपासून लांबचं, वारा न लागणारं एक बाक त्यांनी हेरून ठेवलं होतं आणि नेमकं तेव्हाच त्यांना बाथरूमला जायचं होतं. जो आधी बसेल त्याची जागा, असा तिथला रिवाज. जावयांनी खिशातून रुमाल काढून बाकावर पसरला, तर सासूबाईंनी तो उचलला आणि घडी घालून परत दिला.

"रुमाल कोणीही बाजूला सारतं. तुम्हाला कोण सारणार आहे? बसा तुम्हीच. आलेच मी."

जावई बसले. त्यांचं पाकीट, ओळखपत्र, फोन, सगळं सासूबाईंच्या पिशवीत होतं, पिशवी गेटवरच्या कपाटात होती आणि कपाटाचा बिल्ला सासूबाईंच्या मुठीत होता. हॉलमध्ये काहीही नेऊ नये अशी बाहेर पाटी होती, आणि पाटीवर लिहिलेलं पाळायचंच असतं अशी जावयांची श्रद्धा होती.

या जावयांना सगळं जग सर म्हणत असे. शाळेतली मुलं म्हणत यात नवल नाही, पण गल्लीतला न्हावी, दूधवाला, एवढंच काय, बायकोसुद्धा सरच म्हणायची. ते नागरिकशास्त्र आणि मूल्यशिक्षण शिकवत. हा फार वाईट धंदा आहे. गणिताचा मास्तर घरच्या हिशेबात चुकला तरी कोणी काही म्हणत नाही, पण मूल्यशिक्षणाच्या मास्तराला "दूध संपल्याचं मला माहीत नव्हतं" एवढी साधी थापही मारता येत नाही. सरांना तर खरोखरच येत नसे. खोटं बोलायची वेळ आली की त्यांचे कान लाल होत आणि बायको कानांकडे बघूनच निकाल द्यायची.

सासूबाई सासरे गेल्यावर आपला देश सोडून लेकीकडे राहायला आल्या होत्या. राहायच्या परवान्याची मुदत संपत आली होती, आणि पुढे इथेच राहायचं तर नागरिकत्वाची परीक्षा पास होणं भाग होतं. दोनदा त्या नापास झाल्या होत्या. तिसरी संधी शेवटची. ही गेली तर परत जायचं, आणि तिकडे आता त्यांचं म्हणून एक कुलूप लावलेलं घर तेवढं उरलं होतं. सरांनी वर्षभर रोज संध्याकाळी त्यांचा अभ्यास घेतला होता. सासूबाई विद्यार्थिनी म्हणून अवघड होत्या. शेजारी मोठ्याने गाणी लावत असेल तर चांगला नागरिक काय करेल, असं सरांनी विचारलं की त्या विचारायच्या, "गाणी कुठली आहेत त्यावर आहे ना ते." तरीही या खेपेला त्या पास होतील असं सरांना वाटत होतं. त्यांना तसं व्हायला मनापासून हवं होतं, कारण सासूबाई घरात असल्या की घर कुरकुरत का होईना, पण चालतं हे त्यांनी पाहिलं होतं.

घंटा झाली. पर्यवेक्षक बाईंनी दार लावलं आणि प्रश्नपत्रिका वाटायला घेतल्या. सरांनी हात वर केला. बाईंनी सांगितलं की शंका शेवटी. आपल्या वर्गातही हाच नियम असल्यामुळे सर हात खाली घेऊन शिस्तीत थांबले, आणि तिथेच सगळं हातचं गेलं. त्यांच्यापुढे प्रश्नपत्रिका आली. पेन्सिल आली. मग दारावर थाप पडली आणि सासूबाई पदराला हात पुसत आत आल्या. दोन-चार मिनिटांचा उशीर चालत होता, त्यामुळे बाईंनी त्यांना घेतलं. सर लगबगीने उठले.

"बसा खाली," बाई म्हणाल्या. "बाक बदलायचं नाही."

सरांनी सांगितलं की ते उमेदवारच नाहीत. बाईंच्या कपाळावर आठी पडली. घंटेनंतर एखाद्या उमेदवाराचा नातेवाईक हॉलमध्ये सापडला तर त्या उमेदवाराची परीक्षा रद्द होते, हा नियम त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवला आणि विचारलं, "बोला, कोणाचे नातेवाईक तुम्ही?"

सरांचं तोंड उघडलं होतं. त्यात 'यांचा' हा शब्द तयार होता. तो बाहेर पडायच्या आत सासूबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मला नका विचारू बाई. मी या गृहस्थांना आयुष्यात पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण हे उठणारच असतील तर मी इथे बसू का? तिकडे वारा लागतो."

सरांना वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. खोटं बोललेलं ऐकून वाटलं आणि ते इतकं सहज जमलेलं पाहून जास्त वाटलं. वर्षभर प्रामाणिकपणाचा धडा याच सासूबाईंनी त्यांच्यासमोर वाचला होता. पण त्या खोटं का बोलल्या हेही त्यांना लख्ख कळलं होतं, आणि आपण खरं बोललो तर काय होईल हेही. त्यांनी तोंड मिटलं. बाईंनी त्यांना केंद्रप्रमुखांच्या खोलीत नेऊन उभं केलं.

केंद्रप्रमुख निवृत्तीला टेकलेले होते आणि नवीन काही घडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी नाव विचारलं. सर गप्प. पत्ता विचारला. सर गप्पच, कारण सरांचा पत्ता तोच सासूबाईंचा पत्ता, आणि तो त्याच खोलीतल्या कपाटात सासूबाईंच्या कागदांवर होता. शाळेचं नाव सांगावं तर तिथून पत्ता निघणार. मौन म्हणजे काही खोटं नव्हे, असं सरांनी स्वतःला समजावलं, आणि वर्गातल्या कुठल्याही मुलाचं हे उत्तर आपण मान्य केलं नसतं हेही त्यांना त्याच वेळी आठवलं.

"मी नागरिक आहे आणि शिक्षक आहे," शेवटी ते म्हणाले. "यापुढचं विचारू नका. खरं सांगितलं तर एका माणसाचं नुकसान होईल, आणि खोटं मला येत नाही."

केंद्रप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. या खोलीत खरं बोलणारे आले होते, खोटं बोलणारे तर रोज येत, पण दोन्हीला नाही म्हणणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला. निदान शिक्षक आहे का ते तरी पाहू, म्हणून त्यांनी नागरिकाची कर्तव्यं विचारली. सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कर्तव्यं सांगितली, मग हक्क सांगितले, मग हक्क आणि कर्तव्यं यांचा परस्परसंबंध सांगितला, आणि कोणी थांबवलं नाही म्हणून उदाहरणंही दिली.

"संशय होताच, आता खात्री झाली," केंद्रप्रमुख पर्यवेक्षक बाईंना म्हणाले. "हे उमेदवारच आहेत. नागरिकांना यातलं काही येत नाही."

बाईंना ते पटलं. सरांना धक्का बसला, पण वाद कसा घालायचा ते कळेना. केंद्रप्रमुखांची अडचण वेगळीच होती. अनोळखी माणसाला सोडून दिलं तर का सोडलं म्हणून वरून विचारणा होणार, आणि ठेवून घेतलं तर का ठेवलं म्हणून होणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यांनी बराच विचार केला. या इमारतीत दोनच प्रकारची माणसं येतात, नागरिक आणि उमेदवार. नागरिक असल्याचा पुरावा या माणसाकडे नाही, तेव्हा हा उमेदवार. दुपारच्या परीक्षेला एक प्रश्नपत्रिका शिल्लक आहेच. बसवा.

मधल्या सुट्टीत सर बाहेरच्या बाकावर बसले होते. सासूबाई बिल्ला देऊन पिशवी सोडवून आल्या आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. पर्यवेक्षक बाई दोघांवर नजर ठेवून समोर उभ्या होत्या. पिशवीत सरांचं ओळखपत्र होतं, हातभर अंतरावर, आणि ते मागायची सोय नव्हती. सासूबाईंनी डबा उघडला, अर्धा झाकणात काढला आणि झाकण बाकावरून पुढे सरकवलं.

"अनोळखी माणसालाही उपाशी ठेवू नये," त्या समोरच्या भिंतीला म्हणाल्या.

पर्यवेक्षक बाईंना भरून आलं. चांगला नागरिक कसा असावा ते या आजींकडून शिकावं, असं त्या मागाहून केंद्रप्रमुखांना म्हणाल्या. सर मान खाली घालून जेवले. आपण कोण, हा प्रश्न ते दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना विचारत आणि मुलं गोंधळली की त्यांना आनंद व्हायचा. आता भाजीत मीठ जास्त झालंय हेसुद्धा त्यांना कोणाला सांगता येत नव्हतं, कारण ते कोणाचेच कोणी नव्हते.

दुपारची परीक्षा सोपी जाईल अशी त्यांची समजूत होती. पहिलाच प्रश्न होता, तुम्ही या देशात का आलात? कामासाठी, कुटुंबासाठी की शिक्षणासाठी, असे तीन पर्याय होते. सर याच गावच्या दवाखान्यात जन्मले होते. त्यांनी तिन्ही पर्याय सोडले आणि समासात लिहिलं, 'मला विचारण्यात आलं नव्हतं.' पुढे कोणी रांगेत घुसलं तर काय कराल, असा प्रश्न होता. घुसणाऱ्याचं कारण कळल्याशिवाय उत्तर देणं अन्यायाचं होईल, असं सरांनी लिहिलं आणि मग शेजाऱ्याच्या गाण्यांच्या प्रश्नापाशी ते बराच वेळ अडले. गाणी कुठली आहेत ते दिलं नव्हतं. आपल्याला हे कुठून सुचलं ते त्यांना आठवलं आणि ते आणखीच गोंधळले. पेपर यंत्र तपासणार होतं, आणि यंत्राला समासातलं वाचता येत नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांना बसवून निकाल वाचला. सासूबाई पास झाल्या होत्या. नंबर ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि थोडा वेळ उघडलेच नाहीत. सर पाठीमागच्या बाकावरून उठून टाळ्या वाजवायला लागले, मग एकटेच वाजवतोय हे पाहून बसले. पास झालेल्यांना पुढे बोलावून तिथल्या तिथे शपथ दिली. मी या देशाची नागरिक म्हणून कायदा पाळीन, अधिकाऱ्यांसमोर सत्य सांगेन, वगैरे. सासूबाईंनी खणखणीत आवाजात शपथ घेतली आणि शिक्का मारलेला कागद पदरात घेतला.

शेवटी अनोळखी उमेदवाराचा निकाल सांगण्यात आला. तो नापास होता. नापास उमेदवाराने राहायचा परवाना दाखवायचा असतो. सरांकडे परवाना नव्हता, कारण त्यांना तो कधी लागलाच नव्हता. केंद्रप्रमुखांनी सुस्कारा सोडला. आता पोलिसांना कळवण्यावाचून इलाज नाही, असं ते म्हणाले, आणि नियमात आहे म्हणून एकदा हॉलला विचारून घेतलं, की या इसमाला व्यक्तिशः ओळखणारा कोणी नागरिक इथे हजर आहे का?

"मी आहे," सासूबाई उठल्या. "हे माझे जावई."

पर्यवेक्षक बाईंनी केंद्रप्रमुखांकडे पाहिलं, त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"आजी, सकाळी तर तुम्ही म्हणालात की यांना कधी पाहिलेलंच नाही."

"सकाळी मी नागरिक कुठे होते?" सासूबाई म्हणाल्या. "खरं बोलायची शपथ आत्ता घेतली ना मी. तुम्हीच तर दिलीत."

केंद्रप्रमुखांनी नियम काढला. त्यात उमेदवाराची परीक्षा रद्द करायची तरतूद होती. समोर उमेदवार नव्हता, नागरिक उभी होती, आणि नागरिकाची परीक्षा कशी रद्द करायची याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. त्यांनी नियम पुन्हा वाचला, घड्याळाकडे पाहिलं आणि एक कागद सासूबाईंपुढे सरकवला. सासूबाईंनी पिशवीतून सरांचं ओळखपत्र काढून त्यावर ठेवलं आणि सही केली. नात्याच्या रकान्यात त्यांनी 'जावई' लिहिलं, आणि रकाना मोठा होता म्हणून पुढे 'गुणाचे आहेत' असंही लिहिलं. सरांना ते उलटं वाचता आलं. त्यांनी चष्मा सारखा केल्यासारखं करून डोळे पुसले.

दप्तरात काय नोंद करायची हे मात्र केंद्रप्रमुखांना सुचेना. बऱ्याच वेळाने त्यांनी 'नागरिक, पण नापास' असं लिहिलं आणि तसे पुष्कळ असतात म्हणून सरांची समजूत घातली.

गेटबाहेर येताच पिशवीतला फोन वाजला. सरांच्या बायकोने दिवसभरात किती वेळा लावला होता कोण जाणे. सासूबाईंनी उचलून आधी पास झाल्याचं सांगितलं. पलीकडे आनंद झाला, थोडं रडू झालं, आणि मग सरांनाही ऐकू येईल अशा आवाजात प्रश्न आला, "आणि सर कुठे होते ग दिवसभर? काही घोळ नाही ना घातला त्यांनी?"

सासूबाईंनी सरांकडे पाहिलं. मग हातातल्या शिक्क्याच्या कागदाकडे पाहिलं आणि फोन पुढे केला.

"तुम्हीच बोला जावईबापू. मला आता खोटं बोलता येत नाही."

सरांनी फोन कानाला लावला. आज ते परीक्षेत नापास झाले होते, शपथ तर त्यांना कोणी दिलीच नव्हती, आणि फोनमधून कान दिसत नाहीत.

"छे ग," सर म्हणाले. "मी आपला बाहेर बसून होतो."