कढई, वाफ आणि त्रेचाळीस हरकती

"लोगो म्हणजे काय हो, एक गोल काढायचा आणि त्यात काहीतरी बसवायचं! दहा मिनिटांचं काम!"

श्रीधरपंत खांबेटे यांनी सकाळच्या चहाला हे जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या पत्नीनं, श्यामलाबाईंनी, स्वतःच्या कपात दुसऱ्यांदा साखर घातली. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं नक्की कळलं होतं, की पंतांच्या तोंडी 'दहा मिनिटांचं काम' आलं की आठवडा गेलाच म्हणून समजायचं.

"बाबा, माझ्या टीममधला एक जण फ्रीलान्स करतो," लॅपटॉपमधून डोकं वर न काढता त्यांची मुलगी ऋचा म्हणाली. "उद्यापर्यंत तीन ऑप्शन्स देईल."

"घरात आरेखक असताना बाहेरचा माणूस? मी चौतीस वर्षं सरकारी नकाशे काढलेत! अख्ख्या तालुक्याचे ओढे माझ्या हातून गेलेत!"

"ओढे वेगळे, थालिपीठ वेगळं," श्यामलाबाई म्हणाल्या. पण तोवर पंत माळ्यावरचा ड्रॉइंग बोर्ड काढायला स्टुलावर चढलेसुद्धा होते.

धंदा श्यामलाबाईंचा होता, थालिपिठाच्या भाजणीचा. चाळीस वर्षं त्यांची भाजणी अमेरिकेपासून येरवड्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांनी डबे भरभरून नेली होती. डबा रिकामा परत यायचा आणि सोबत 'वहिनी, हाताला काय चव आहे हो तुमच्या' एवढं यायचं. काही डबे तर परतही आले नाहीत. यंदा मात्र बाईंनी मनावर घेतलं. श्रावणातल्या प्रदर्शनात, स्वारगेटजवळच्या एका कार्यालयात, एक टेबल मिळवलं. तीनशे पाकिटं करायची ठरवली. आणि घरात स्वच्छ सांगून टाकलं, "ही खपली तर पुढे. नाही खपली तर मी पुन्हा या गोष्टीचं नाव काढणार नाही." त्या बोलण्यात रुसवा नव्हता. म्हणूनच पंतांना ते लागलं होतं, आणि आपल्या हातून या कामाला काहीतरी हातभार लागावा असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पहिला लोगो खरोखर दहा मिनिटांत झाला. एक गोल, गोलात कढई, कढईतून वर जाणारी वाफेची एकच वळणदार रेघ, खाली 'श्यामला भाजणी'. इतका सुरेख, की ऋचानं लॅपटॉप मिटला. "बाबा, सॉरी. हे भारी आहे. हाच फायनल करा."

पंत इथं थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती!

"फायनल कसा?" पंत म्हणाले. "हे प्रारूप आहे. प्रारूप प्रसिद्ध करावं लागतं. हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मग सुनावणी. मग मंजुरी. पद्धत आहे ती."

"अहो, भाजणीचं पाकीट आहे ते," श्यामलाबाई म्हणाल्या. "रिंगरोड नाही."

पण चौतीस वर्षांची सवय! त्यातून एक जुनी खंत होती. कचेरीत हरकती मान्य करायचा अधिकार साहेबांना. साहेबांनी 'इथून वळवा' म्हटलं की पंतांनी रेघ वळवायची, एवढाच त्यांचा वाटा. आता पहिल्यांदा साहेबही तेच होते आणि आरेखकही तेच. संध्याकाळपर्यंत बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या फलकावर कागद लागला: 'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, सोबतच्या प्रारूप बोधचिन्हाबाबत हरकती व सूचना सात दिवसांच्या आत लेखी स्वरूपात सादर कराव्यात. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.'

आता पुण्यातला माणूस न विचारता हरकत घेतो. त्याला कुणी लेखी आमंत्रण दिलं तर काय होईल! अठ्ठावीस फ्लॅटमधून त्रेचाळीस हरकती आल्या. एका घरातून नवऱ्याची हरकत आली आणि पाठोपाठ त्या हरकतीवर बायकोची हरकत आली. एकानं सात दिवसांची मुदत अपुरी असल्याबद्दल हरकत घेतली. एक चिठ्ठी निनावी होती: 'चित्र ठीक. लिफ्ट कधी दुरुस्त होणार?' पंतांनी तिलाही क्रमांक दिला.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सुनावणी झाली. बाईंनी थालिपिठं केली होती, त्यामुळे ज्यांची हरकत नव्हती तेही हजर होते.

पहिले उठले सोसायटीचे चेअरमन बाळकाका. "खांबेटे, तुमची वाफ डावीकडे चाललीय. आपल्याकडे श्रावणात वारा पश्चिमेचा. वाफ पूर्वेला गेली पाहिजे."

"पण यात पूर्व कुठली?" ऋचानं विचारलं.

"तेच म्हणतोय मी. दिशा दाखवलेली नाही!"

पंतांचा चेहरा उजळला. इतकी शास्त्रशुद्ध हरकत त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. "मान्य! उत्तर दिशेचा बाण टाकतो."

मग दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजिनीबाई उठल्या. "थालिपीठ तव्यावर लावतात. तवा कुठंय?"

"अहो, भाजणी कढईत भाजतात ना," श्यामलाबाई म्हणाल्या.

"मग दोन्ही दाखवा. आम्हाला काय, आम्ही सुचवायचं काम केलं." असं म्हणून त्यांनी तिसरं थालिपीठ घेतलं.

"तवा मान्य!" पंत म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरचा आमोद कुठल्याशा स्टार्टअपमध्ये होता. "काका, आजकाल ब्रँडला स्टोरी लागते. फार्म टू प्लेट! शेत दाखवा, कणीस दाखवा, जातं दाखवा. ग्राहकाला जर्नी दिसली पाहिजे."

"मी गिरणीतून दळून आणते," श्यामलाबाई म्हणाल्या.

"काकू, जातं इमोशनल आहे."

"जातं मान्य!"

बाई आत निघून गेल्या. त्यांना अजून सहा किलो धने भाजायचे होते. बाहेर त्यांचे यजमान हरकतींवर हरकती मान्य करत सुटले होते. ज्वारी-बाजरी वेगळी ओळखू आली पाहिजे, मान्य. भाजणारी बाई दाखवा, मान्य. बाई दाखवलीत तर तिचा अंबाडा दाखवा, मान्य. शाकाहारी माल आहे, तर सगळं हिरव्या रंगात छापा, तेही मान्य! त्रेचाळीसपैकी एकतीस हरकती मंजूर झाल्या. कुणाचं मन मोडावं हा पंतांचा स्वभाव नव्हता, आणि 'मान्य' म्हणताना त्यांना जे काही वाटत होतं ते पेन्शनमध्येही कधी वाटलं नव्हतं.

चार दिवस खपून त्यांनी तीन फुटी कागदावर सुधारित बोधचिन्ह उतरवलं. खोटं कशाला बोला, काम अप्रतिम होतं! बाईच्या अंबाड्यातला गजरा दिसत होता. ज्वारीचे दाणे मोजता येत होते. वाफ पूर्वेला चालली होती. सोसायटीतली माणसं येऊन बघून गेली आणि प्रत्येकानं आपापली हरकत चित्रात शोधून काढली.

तो कागद गुंडाळून पंत रविराजच्या छापखान्यात गेले. रविराजचं घराणं मूळ बिबवेवाडीचं, वावरं होती तेव्हापासूनचं. त्यानं कागद उलगडला, दोन पावलं मागं सरकून पाहिला.

"काका, चित्र लय झ्याक हाय. पण लेबल केवढं पायजे?"

"अडीच इंच."

"अन् ह्ये?"

"तीन फूट."

रविराजनं डोकं खाजवलं. "काका, राग मानू नका. ह्यातलं निम्मं काढा. नायतर समदं गोळा हुईल."

"एकही रेघ निघणार नाही. सुनावणी झालेली आहे."

रविराजनं चित्र कॉम्प्युटरवर घेतलं. पंतांनी पडद्याला नाक लावून, चित्र मोठं करकरून, कोपरा न् कोपरा तपासला. अंबाडा, जातं, तवा, बाण, सगळं जागच्या जागी. त्यांनी खाली झोकदार सही केली. पडद्यावर आपण जे बघतोय ते दारावरच्या पाटीएवढं आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. वर आणखी एक सूचना त्यांनी आपल्या अधिकारात केली. "लेबल पारदर्शक करा. आतली भाजणी दिसली पाहिजे. पारदर्शक कारभार!"

शुक्रवारी दुपारी लेबलं आली. श्यामलाबाई कापडी पिशव्या आणायला बाजारात गेल्या होत्या. पंतांनी पहिलं लेबल पाकिटावर चिकटवलं आणि पाकीट खिडकीपाशी नेऊन पाहिलं. अंबाडा नव्हता. जातं नव्हतं. अडीच इंचांत एकतीस हरकती एकमेकींत मिसळून गेल्या होत्या आणि पाकिटाच्या मधोमध, आतल्या भाजणीवर, हिरवट काळा केसाळ डाग तेवढा दिसत होता.

'चष्म्याचा नंबर वाढला असेल,' पंतांनी स्वतःची समजूत घातली. चष्मा पुसला. डाग आणखी स्पष्ट दिसला. पण उद्या सकाळी प्रदर्शन! त्यांनी मुकाट्यानं तीनशे लेबलं चिकटवली आणि बाई घरी यायच्या आत सगळी पाकिटं खोक्यांत भरून वरून चिकटपट्टी मारून टाकली.

"आज स्वतःहून एवढं काम केलंत?" बाईंनी कौतुकानं विचारलं. पंतांना रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी टेबलावर पहिलं खोकं उघडलं, तेव्हा श्यामलाबाईंनी पाकीट हातात घेतलं, बोटानं डाग पुसून पाहिला, नखानं खरवडून पाहिला.

"हे काय आहे?"

"लोगो," पंत म्हणाले.

बाईंनी पाकीट टेबलावर मांडलं आणि दुसरं खोकं उघडायला घेतलं. त्या चिडल्या असत्या तर पंतांना बरं वाटलं असतं.

पहिल्या गिऱ्हाईकानं पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि दोन बोटांत धरून परत ठेवलं. "अहो, बुरशी आलीय याला!"

"छे छे, बुरशी नाही!" पंत धावले. खिशातली पट्टी काढून डागावर ठेवली. "हे बघा, ही उत्तर. इथं बाई बसलेली आहे. हा तिचा अंबाडा—"

गिऱ्हाईकानं आपल्या मुलीचा हात धरला आणि ते समोरच्या लोणच्यांकडे गेले.

अकरापर्यंत एकही पाकीट खपलं नाही. बातमी मात्र हॉलभर फिरली. प्रदर्शनाच्या आयोजक पूर्णिमाताई आल्या. "काकू, दोन तक्रारी आल्यात. मला कळतंय हो, पण दुपारपर्यंत काही केलं नाहीत तर टेबल बंद करावं लागेल."

ऋचानं लेबल सोलायचा प्रयत्न केला. लेबल निघालं, सोबत पाकीटही फाटलं आणि पसाभर भाजणी टेबलावर सांडली. श्यामलाबाई ती हातानं गोळा करू लागल्या. "चाळीस वर्षांत माझ्या भाजणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं हो," त्या हळूच म्हणाल्या.

पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," ते म्हणाले. नोकरीत काय किंवा घरात काय, हे दोन शब्द त्यांनी यापूर्वी एका दमात उच्चारले नव्हते. "तू सांग, मी काय करू?"

बाईंनी डोळे पुसले. "तो तुमचा मोठा कागद आणलाय ना? द्या इकडे."

पंतांनी तो टेबलामागं लावायला हौसेनं आणला होता. चार दिवसांची मेहनत! बाईंनी तो उलगडला, चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही, उलटा केला, आणि कोऱ्या पाठीवर ऋचाच्या जाड मार्करनं ठसठशीत अक्षरात लिहिलं:

'पाकिटावर दिसते ती बुरशी नाही. तो आमच्या ह्यांनी काढलेला लोगो आहे. भाजणी मी केली आहे. ती चांगली आहे. पटत नसल्यास घेऊ नये.'

पाटी लागली. एक आजोबा थांबले, पूर्ण वाचली, चष्मा कपाळावर सरकवून पाकीट पाहिलं आणि खो खो हसत सुटले. "द्या दोन! इतकं खरं बोलणारी बाई भाजणीत भेसळ करायची नाही!" मग कॉलेजच्या चार मुली आल्या, पाटीबरोबर फोटो काढून गेल्या आणि अर्ध्या तासात मैत्रिणींना घेऊन परत आल्या. एकीनं तर डागात जातं शोधून दाखवलं. दुपारी रांग लागली! लोणचीवाले रांगेला वाट करून द्यायला आपलं टेबल मागं सरकवत होते. पूर्णिमाताईंनी स्वतः चार पाकिटं बाजूला ठेवायला सांगितली.

पंत खाली मान घालून पाकिटं कापडी पिशवीत घालून देत होते. अधूनमधून बायकोकडे चोरून पाहत होते. बाईंचा चेहरा फुलला होता, भाजणी किती दिवस टिकते, पाणी किती घालायचं, हे त्या प्रत्येकाला न कंटाळता सांगत होत्या. पंतांना भरून आलं. तीनशेपैकी शेवटची पाच पाकिटं उरली, तेव्हा चार वाजायचे होते.

एक नऊवारीतल्या आजी रांगेतून पुढे आल्या. त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली, पाकिटावरचा डाग उजेडात धरून नीट निरखला आणि मान हलवली.

"बाई, भाजणीचं कळलं. पण हे 'ह्यांनी' काढलंय ना, ते 'हे' कुठं आहेत? मला एकदा बघायचेत."

मागच्या दहा माणसांनी माना उंचावल्या. श्यामलाबाईंनी हसू दाबत पंतांकडे पाहिलं.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आरेखकाची चौकशी करत होतं! श्रीधरपंतांनी पिशवी पुढे केली.

"ते होय? ते आज आले नाहीत," ते म्हणाले. "मी आपला पिशव्या द्यायला आहे."