डबलसिस्टरची लाल वही

"दोन डगरींवर पाय, खाली ओढा हसे बाय!" कपडे पिळता पिळता आत्या गायची. तो सूर सिस्टरच्या कानात लहानपणापासून मुरलेला.

हसू दे ओढ्याला! पस्तिशीत, नोकरी न सोडता, सिस्टरने नर्सिंगच्या एमएस्सीला प्रवेश घेतला. सकाळी वॉर्ड, संध्याकाळी कॉलेज. वॉर्डाने नाव ठेवलं, डबलसिस्टर.

मेट्रनबाई म्हणाल्या, "एक काहीतरी धड करा."

"दोन्ही धड करून दाखवते, बाई!"

प्रबंधाचा विषय असा: पेशंटला हात लावण्याआधी वॉर्डातली माणसं हात धुतात का? वरून परवानगी होती, पण वॉर्डाला पत्ता लागू द्यायचा नव्हता. ड्यूटी संपली की सिस्टर पडद्याआड उभी राहून लाल वहीत खुणा करायची. दोन आठवड्यांचे आकडे शुक्रवारी द्यायचे, नाहीतर वर्ष पाण्यात. पहिला आठवडा झकास गेला. शंभरात एकतीसच धुणारे!

आठव्या दिवशी मात्र बेसिनकडे कधी न फिरकणारे सर्जनसाहेब कोपरापर्यंत हात घासताना दिसले.

"काय झालं, साहेब?"

"कुठे काय? मी नेहमीच धुतो. लिहा... म्हणजे, बघा!"

सिस्टरने वही पाठीमागे लपवली. तेवढ्यात सफाईच्या मावशींनी गाठलंच. "सकाळपासून अकरा वेळा धुतले हो. माझे नीट मांडा."

"कुठे मांडू?"

"आता सोंग नको! न धुणाऱ्यांची बदली होणार, सगळ्यांना ठाऊक आहे."

बेसिनपुढे ही रांग! बुधवारी साबण संपला. पेशंटचे नातेवाईकही रांगेत. का? तर सगळे उभे आहेत म्हणून! आठवड्याचा आकडा निघाला, शंभरात शंभर.

इतकी स्वच्छ माणसं स्वर्गात तरी असतील का? चार-दोन खुणा खोडाव्यात, असं मनात आलं. सिस्टरने पेनाला टोपण लावलं. खोट्या आकड्यावर मिळालेली पदवी तिला नको होती.

शुक्रवारी मार्गदर्शक मॅडम वॉर्डातच आल्या. वही चाळता चाळता त्यांचा चष्मा कपाळावर चढला.

"एकतीसवरून शंभर? असा काय उपाय केलात? अहो, खरा प्रबंध हाच! पण उपाय कुणी, काय केला ते सांगा. नाहीतर हे आकडे केराच्या टोपलीत."

"मी काहीच केलं नाही, मॅडम." सिस्टरचा आवाज बारीक झाला, पण नजर खाली गेली नाही.

औषधांच्या कपाटाशी मेट्रनबाई खोकल्या. पुन्हा खोकल्या.

"मी केला. सातव्या दिवशी वही टेबलावर राहिली होती, ती मी उघडली. पहिल्याच पानावर माझीच ओळ: मेट्रन, नऊपैकी शून्य! म्हटलं, सगळं गाव हात धुवायला लागलं की एक शून्य कोण बघतंय? बदलीची आवई मीच उठवली."

मॅडमनी लाल वही सिस्टरपुढे सरकवली.

"लिहून घ्या, सिस्टर," बाई पुटपुटल्या. "फक्त ते शून्य जरा बारीक काढा."